कापसावरचा पाहुणा

सर्जेराव कशालाही भीत नसे. वीज मंडळातला लाइनमन! भर वावटळीत खांबावर चढायचा आणि वरूनच गल्लीतल्या बायांना ओरडून सांगायचा, "पापड उचला, पाऊस येऊन राह्यला!"

अपवाद फक्त कापसाचा. चिमटीत दाबल्यावर कापूस जो कर्र करतो, तो कानाला ऐकूच येत नाही, थेट दाढेत उमटतो. तो उमटला की सर्जेरावाला मानेपासून टाचेपर्यंत शहारा यायचा आणि भिजलेल्या कुत्र्यासारखी मान झटकली जायची. आता ही गोष्ट जालना जिल्ह्यात सांगणार कुणाला? त्यानं आईलाही सांगितली नव्हती.

टेंभुर्णीला पोरगी पाहायला निघाला तो ऐन कापसाच्या दिवसांत. पोरीचा फोटो त्याला इतका आवडला होता की खिशात घेऊनच खांबावर चढायचा. आधीची दोन स्थळं हुकलेली. मामांनी एसटीतच बजावलं, "हे बी हुकलं तर मी काय पुन्हा येनार न्हाई!"

पोरीचे वडील पुंजाराम यांच्या बैठकीत आढ्यापर्यंत कापूस! खरेदी केंद्र उघडेपर्यंत कापूस घरात आणि माणसं ओसरीत.

"बसा पाव्हणे! गादी झक मारती याच्यापुढं!" पुंजारामांनी खांदे दाबून त्याला ढिगात बसवलं.

कर्र!

सर्जेरावाचे दात वाजले.

"अगं बया, हीव भरलं का काय?" पोरीची आई गिरिजाबाई धावल्या.

"आत्ता तर शिट्टी वाजवत आल्ता!" मामा म्हणाले.

"बिलकुल घाबरू नका. कापसावानी ऊब न्हाई!" त्या माउलीनं ओंजळी भरभरून कापूस त्याच्या पायांवर, पोटावर, गळ्यापर्यंत दाबून बसवला. सर्जेराव पार्सलनं पाठवायच्या काचेच्या बरणीसारखा दिसू लागला.

तेवढ्यात प्रभावती पोहे आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. फोटोपेक्षा सुंदर! सर्जेरावानं धीर करून घास घेतला. त्यात कापसाचा एक पुंजका होता. तो बरोब्बर दाढेखाली आला आणि पुंजारामांनी नेमकं तेव्हाच विचारलं,

"मंग, पसंत हाय ना पोरगी?"

सर्जेरावाची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झटकली गेली.

बैठक गारठली.

"हाय! हाय!" असं त्याला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं, "हुहुहुहु!"

"हसतो बी वरून!" मामा चपला शोधू लागले.

"काय कमी हाय माझ्या पोरीत?" गिरिजाबाई उसळल्या. "वेचणीत अख्ख्या गावात तिचा हात कोन धरीत न्हाई! दाव गं!" आणि त्यांनी मूठभर कापूस लेकीच्या हातात कोंबला.

कर्र!

प्रभावतीच्या हातातला तांब्या ठणकन पडला. खांदे कानांना टेकले. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे!

सर्जेराव ढिगातून ताडकन उठला.

"तुमाला बी?"

"लहानपनापासून."

"दाढेत?"

"दाढेतच! वेचती धाकटी, नाव माझं सांगती आई."

गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पसंत हाय!" सर्जेराव गरजला. मान अजून नाहीच म्हणत होती, पण आता तिला कोण विचारतो?

वैशाखात लग्न झालं. पुंजारामांनी हौसेनं आंदण दिलं: घरच्या कापसाची भलीमोठी गादी आणि चार उशा.

दोघं सतरंजीवर झोपतात. गादीवर मामा झोपतात. ते अजून गेलेले नाहीत.