प्लाझ्मातले बपावाजी

"पप्पा, आपल्या टीव्हीला पेन्शन कधी देणार?"

रविवारच्या धनसाकचा पहिला घास पप्पांच्या तोंडात असतानाच तिनाझने हे विचारलं. विचारायचं धाडस तिचं, पण चिथावणी मैत्रिणींची. परीक्षा संपल्यावरच्या शनिवारी सगळ्याजणी तिच्याकडे सिनेमा बघायला येणार होत्या, पण त्या लाकडी दारांच्या खोक्यासमोर बसायला एकही तयार नव्हती.

पप्पा म्हणजे केर्सी. नवसारीतल्या त्या घरात आजवर कुठलीही वस्तू मेली नव्हती, कारण केर्सी मरू देत नसे. टीव्ही रुसला की पाठीत एक चापट, फारच रुसला तर दोन.

"नवा कशाला? चालतोय की!" तो म्हणाला.

"चालतोय? लंगडतोय!" मम्मा, म्हणजे आरमईती, वाढता वाढता म्हणाली.

मग टेबलाच्या टोकाकडून केर्सीची आई, बपईजी, बोलल्या. "घ्या नवा. मोठा घ्या. मला एकदा माझ्या नवऱ्याचं तोंड नीट बघू दे."

तिनाझच्या आजोबांना, म्हणजे बपावाजींना, जाऊन चार वर्षं झाली होती. फोटोला उभं राहायचं म्हटलं की ते हमखास न्हाणीघरात जाऊन बसत. ते हलताना-बोलताना सापडत फक्त तिनाझच्या नवजोतच्या, म्हणजे मुंजीसारख्या पारशी विधीच्या, चित्रीकरणात. त्याची डिस्क करून घेतली होती, पण बपईजींच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना जुन्या टीव्हीवर सगळी माणसं मुंग्यांएवढी दिसत.

दुसऱ्याच दिवशी चौघं कांतिभाईंच्या दुकानात. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच नाच. केर्सीने एका टीव्हीच्या मागे हात घातला आणि दचकून काढला.

"कांतिभाई, याला पाठच नाही! मारायचं कुठे?"

"केर्सीभाई, याला मारायचं नसतं. हा प्लाझ्मा. शेजारचा एलसीडी. डिस्क आणलीय ना, लावून बघा."

बपईजींनी डिस्क पदराखाली घट्ट धरली. "चार लोकांत नाही. तो लाजायचा." मग त्यांनी नाक जवळजवळ काचेला लावून दोन्ही टीव्हींवरच्या नाचणाऱ्याचे केस तपासले. "ह्याचा काळा राखाडी दिसतो. त्याची मखमली टोपी काळी कुळकुळीत होती. तो दुसरा द्या."

असा प्लाझ्मा ठरला. डिस्क प्लेअरही त्यांनीच निवडला. बटण दाबल्यावर एकाचा ट्रे अलगद बाहेर आला, तशा त्या हरखल्या. "बघ, कसा अदबीने हात पुढे करतो!"

ह्या अदबीनेच पुढे घात केला.

घरात नवी गाडी येवो की नवी सून, ओवाळल्याशिवाय आत घ्यायचं नाही हा बपईजींचा नियम. टीव्हीला हार घातला, काचेला कुंकवाचा टिळा लावायला बपईजींचा हात गेला, तो आरमईतीने वरच्यावर पकडला. ताटात तांदूळ, खारीक, सुपारी, नारळ आणि एक कच्चं अंडं. बपईजी रीतीप्रमाणे फोडण्याआधी टीव्हीभोवती अंडं ओवाळू लागल्या. मागे तिनाझने प्लेअरमध्ये डिस्क ठेवली, ट्रे आत ढकलला. तिला दम कुठला निघायला! तिने पुन्हा बटण दाबलं, पण भलतंच. ट्रे परत बाहेर आला.

"मागतोय बिचारा," म्हणत बपईजींनी अंडं थेट डिस्कवर ठेवलं.

"बपईजी, नको!" ओरडत तिनाझने घाईत बटण दाबलं. प्लेअरने अदबीने हात मागे घेतला. कच्च.

"शकुन झाला," बपईजी म्हणाल्या.

"ऑम्लेट झालं," केर्सी म्हणाला, आणि त्याने दुकानात फोन लावून प्लेअर बदलून मागितला. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं.

"अंडं?" कांतिभाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "केर्सीभाई, मी जैन माणूस! ते यंत्र माझ्या पायरीलासुद्धा लावू नका!"

बपईजी ताट घेऊन तशाच बसून राहिल्या. "एवढ्या जवळ आला होता," त्या पुटपुटल्या. ते ऐकून तिनाझने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"तुला येतं का?" आरमईतीने विचारलं.

"पप्पांना तरी कुठे येतं?"

दुपारभर जुन्या टूथब्रशने बलक खरवडणं चाललं. डिस्क ताटासारखी साबणाने धुतली. संध्याकाळी सगळं जोडल्यावर एक स्क्रू उरला, तो तिने गुपचूप खिशात टाकला आणि बटण दाबलं.

नवजोत सुरू झाली! छोटी तिनाझ, धर्मगुरू दस्तूरजी, केळीच्या पानातली पातरानी मच्छी. मग बपावाजी कॅमेऱ्याकडे आले, वाकले, "चालू आहे का हे?" म्हणाले, आणि तिथेच थांबले. डिस्क अडकली. पडदाभर बपावाजी: मखमली टोपी, नाकावरचा तीळ, अर्धवट हसू.

केर्सीने चापटीसाठी हात उगारला.

"हात लावशील तर बघ!" बपईजी गरजल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "इतका वेळ एका जागी कधी बसला नाहीस मेल्या. आता ऐक."

आणि चार वर्षांचं साठलेलं सगळं निघालं. विहिरीचा पंप जळला, शेजारच्या रोशनचं पोर कॅनडाला गेलं, पुदिन्याच्या चहाची ती चव आता येत नाही, आणि न सांगता असं जातात का? रोज सकाळी त्या पहिला चहा टीव्हीसमोर घेऊ लागल्या. डिस्क रोज तिथेच अडके. कुणी बंद करू पाहिलं तर, "त्याचं बोलणं अर्धं राहिलंय," म्हणत.

शुक्रवारी तिनाझने प्लेअर बंद करून बातम्या लावल्या आणि ती किंचाळली. बातम्या देणाऱ्या बाईंनी काळी टोपी घातली होती. नाकावर तीळही होता.

फोन जाताच कांतिभाई धावत आले, पण अंड्याच्या धास्तीने उंबऱ्याबाहेरच थांबले. "एकच चित्र फार वेळ ठेवलं की प्लाझ्मावर सावली बसते. आता जायची नाही. हा टीव्ही मी बदलून देतो. नाहीतर अख्खी नवसारी म्हणेल, कांतिभाईने भूत विकलं!"

"देवमाणूस!" आरमईती म्हणाली. केर्सी वायर काढायला वाकलाही.

टीव्हीवर आता क्रिकेट लागलं होतं. मैदानावर उन्हात फिकट उमटलेल्या त्या टोपीकडे बघत बपईजींनी चहाचा कप खाली ठेवला.

तिनाझने पप्पांच्या हातातून वायर काढून घेतली.

"मम्मा, पप्पा, ठरलं. हा टीव्ही कुठेही जाणार नाही. उद्या माझ्या मैत्रिणी येतील आणि सिनेमा बपावाजींसकट बघतील."