खरी उत्तर

होडीत बसल्याबसल्या मास्तरांनी नव्या यंत्राचं बटण दाबलं आणि पडद्यावर प्रश्न उमटला: ‘उत्तर कोणती घ्यायची? खरी की चुंबकीय?’

“हा काय प्रश्न झाला?” मास्तर म्हणाले. “जन्मभर पोरांकडून खरं उत्तर मागितलं, आता काय खोटं घेऊ?”

“अहो, ते दिशेचं विचारतंय,” बायको म्हणाली. “माहितीपुस्तक बघा की जरा.”

“पुस्तकं मी शिकवली आहेत, मला नको शिकवूस!” त्यांनी ‘खरी’ दाबलं, खाडीपलीकडच्या धक्क्याची दिशा काढली आणि सुकाणूवर बसलेल्या मेहुण्याला फर्मावलं, “साठ अंश. नाकासमोर!”

मेहुणा बस चालवायचा. त्याला नाकासमोर जायची सवय होती. सुकाणूपुढच्या होकायंत्राची सुई बघून त्याने साठ अंश धरले आणि होडी निघाली.

आज पलीकडे लेकीच्या केशकर्तनालयाचं उद्घाटन होतं. तिने ऑफिसातली नोकरी सोडली तेव्हा मास्तरांनी अबोला धरला होता. आज वेळेवर पोचून, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तो सोडायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. मास्तरांनी यंत्र पुन्हा सुरू केलं आणि किंचाळले, “अरे, हे आपली दिशा पंचाहत्तर दाखवतंय! वळव डावीकडे!”

“भावोजी, माझी सुई साठावर आहे. हलणार नाही.”

“सुई म्हातारी झालीय!”

“यंत्र कालचं पोर आहे!”

मास्तरांनी पुरावा म्हणून यंत्र त्याच्या नाकाशी धरलं, त्याने हात झटकला आणि यंत्र डुबकन पाण्यात गेलं. मग साठाला पर्यायच उरला नाही.

बायकोने पिशवीतून माहितीपुस्तक काढलं. “पहिल्याच पानावर आहे. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते. ती आणि खरी उत्तर एक नसते. दोघांनी आधी एकच कुठली तरी ठरवायची होती.”

तेवढ्यात होडी वाळूत रुतली.

भलत्याच किनाऱ्यावर काही बायका जाळी विणत बसल्या होत्या. मास्तरांनी ओशाळून सगळी हकीकत सांगितली.

“केस कापणारी? आणि बाई?” त्यांच्यातली एक उठलीच. “आमच्याकडे कात्री आहे ती फक्त जाळ्याची. पुरुष कापून घेतात कुणाकडूनही, आम्ही जायचं कुठं? चला गं! वाट आम्ही दाखवतो.”

होडी ढकलून त्या चढल्यासुद्धा. मेहुण्याने सवयीने ओरडून घेतलं, “पुढे सरका, पुढे सरका!”

दुकान उघडून कितीतरी वेळ झाला होता. एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. लेक आरशासमोर पाठमोरी बसून डोळे पुसत होती. दार ढकलून बायकांचा घोळका आत घुसला, खुर्च्या भरल्या, उरलेल्या भिंतीला टेकल्या. सगळ्यांच्या मागून वाऱ्याने पिंजारलेले मास्तर आले.

“उशीर झाला, बाळ,” एवढंच ते म्हणाले.

लेक बघतच राहिली. मग तिने नाक ओढलं, कात्री उचलली आणि हसत म्हणाली, “केसांचं काय करून घेतलंत हे! पण बाबा, रांग आहे. तुम्ही शेवटी.”

मास्तर मुकाट्याने रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. पुढच्या बाईने मागे वळून विचारलं, “ही तुमची मुलगी का हो?”

“हो, माझीच,” मास्तर म्हणाले, आणि मागच्या बाईलाही ऐकू जावं म्हणून त्यांनी मान वळवली. मागे कुणीच नव्हतं. तरी त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.