चालत्या गाडीतलं आमंत्रण

रूपश्रीच्या लग्नाची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात नागोजीरावांच्या घरी लाल गाडीचा विषय पुन्हा निघाला. लग्नघरी येणंजाणं वाढणार, आणि या गाडीतून जाणं म्हणजे घरी परत कधी येऊ याची खात्री नाही, असं सोयराबाईंचं म्हणणं होतं.

गाडी दोन दरवाज्यांची होती. कुणा हौशी माणसानं ती मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींसाठी मुद्दाम तयार करून घेतली होती. एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले होते, आतला कॅमशाफ्टही शर्यतीचाच. नागोजीरावांनी ती त्र्याहत्तर साली घेतली, तेव्हा बंगळूरचे रस्ते रिकामे असत आणि सिग्नल शोधावे लागत. आता पंच्याण्णव साल उजाडलं होतं. गाडी अजूनही उत्तम पळत असे. पण हळू चालणं तिच्या रक्तातच नव्हतं. हळू चालवली की ती तापे आणि थांबवली की बंद पडे. मल्लेश्वरमच्या बाजारापर्यंत जाताना चार सिग्नल लागत, म्हणजे ती चार वेळा बंद पडे.

नागोजीराव यशवंतपूरच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. बिघडलेली वस्तू टाकून द्यायची असते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"रघुपती मेस्त्री म्हणतो, मोठा रेडिएटर बसवू, इंजिन खोलून नीट करू," ते म्हणाले. "मग वीस वर्षं बघायला नको."

"वीस वर्षं बघायला आपण तरी असू का?" सोयराबाई म्हणाल्या. "नवी घ्या. लहानशी, पांढरी. किल्ली फिरवली की चालू होणारी."

रूपश्रीनं बँकेतून येताना नव्या गाडीचं माहितीपत्रक आणलं होतं. ते तिनं टीपॉयवर ठेवलं. नागोजीरावांनी त्यावर कॉफीचा लोटा ठेवला.

शेवटी सोयराबाईंनीच तोड काढली. रूपश्रीच्या मामाला, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाला आप्पाजींना, पहिलं आमंत्रण द्यायला रविवारी देवनहळ्ळीला जायचंच होतं. लाल गाडीनं जायचं. जाऊन येईपर्यंत गाडी कुणाला ढकलावी लागली नाही, तर मेस्त्री म्हणेल ते करा. एकदा जरी ढकलावी लागली, तरी सोमवारी नवी गाडी बघायला जायचं.

ढकलण्याची अट उगीच नव्हती. गेल्या संक्रांतीला हीच गाडी आप्पाजींच्या दारात बंद पडली होती. आप्पाजी, दोन शेजारी आणि द्राक्षं बघायला आलेला एक व्यापारी अशा चौघांनी ती कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. ठकुबाईवहिनी पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "वन्सं, पुढल्या खेपेला बैल जोडूनच या." हे वाक्य पुढं वर्षभर सगळ्या नात्यात फिरलं होतं.

रविवारी सकाळी सोयराबाई अजून केसांत फूल माळत होत्या, तोवर नागोजीराव खाली जाऊन गाडीत बसले. त्यांनी किल्ली फिरवली. खट् असा एक आवाज आला आणि पुढं काही झालं नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा खट्. सेल्फ स्टार्टर गेला होता. रविवार असल्यामुळं रघुपती मेस्त्रीचं गॅरेज बंद होतं.

घर चढावर होतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. सोयराबाई नारळ, पत्रिका आणि कुंकवाची कोयरी घेऊन बसल्या. नागोजीरावांनी हँडब्रेक सोडला, गाडी उतारावरून आपोआप निघाली, दुसरा गिअर पडला आणि इंजिन धडाडून चालू झालं.

"आज लगेच चालू झाली," सोयराबाई म्हणाल्या.

"हो," नागोजीराव म्हणाले. खोटं काही बोलले नव्हते.

हेब्बाळला तळ्याशेजारी दोन बसेस समोरासमोर अडकल्या होत्या. नागोजीराव क्लच दाबून, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून इंजिन गुरगुरत ठेवत होते. तापमानाचा काटा लालकडं सरकू लागला. आजूबाजूचे स्कूटरवाले वळून बघायला लागले.

"बंद करून स्वल्प थांबा की," सोयराबाई म्हणाल्या. "वाट मिळाली की चालू करा."

"चालू होणार नाही."

"का?"

"सेल्फ गेलाय."

"कधी?"

"सकाळी."

"मग आपण निघालो कसे?"

"उतारावरून."

सोयराबाईंनी मांडीवरचा नारळ सावरला. "अण्णाच्या दारात उतार आहे?"

"नाही."

"मग?"

"तू म्हणशील तर इथूनच वळू. हरलो म्हणेन."

"मामाचं पहिलं आमंत्रण घेऊन निघालोय. वाटेतनं परत फिरायचं?"

"मग तिथं ढकलावी लागेल."

सोयराबाईंच्या डोळ्यांसमोर पायरीवर उभ्या राहिलेल्या ठकुबाई आल्या. अट त्यांनीच घातली होती आणि ती मोडली तर जिंकणार त्याच होत्या. पण त्यांनी पदर खोचला. "ढकलायची नाही," त्या म्हणाल्या. "थांबायचंच नाही."

बसेस सुटल्या. पुढं बळ्ळारीचा रस्ता सरळ आणि मोकळा होता. गाडी थंड करायची तर वारा हवा, आणि वारा हवा तर वेग हवा. नागोजीरावांनी साठ केले, ऐंशी केले, शंभर केले. बायको शेजारी असताना त्यांनी आजवर पन्नासच्या वर गाडी नेली नव्हती. सोयराबाईंनी एका हातानं दरवाजा आणि दुसऱ्या हातानं नारळ धरला होता. तापमानाचा काटा खाली आला.

देवनहळ्ळीत उताराची एक जागा नागोजीरावांना ठाऊक होती, किल्ल्याच्या बाजूची. तिथं त्या दिवशी कुणाच्या तरी बारशाचा मांडव पडला होता. नाइलाजानं ते आप्पाजींच्या गल्लीत शिरले. आप्पाजी स्वच्छ धोतर नेसून फाटकात उभे होते. शेजारी ठकुबाई हातात तांब्या घेऊन, पाय धुवायला.

"आत घ्या दाजी, फाटक उघडलंय," आप्पाजी म्हणाले.

"थांबता येत नाही, अण्णा," सोयराबाई खिडकीतून म्हणाल्या. "आलोच."

गाडी पुढं गेली. आप्पाजी आणि ठकुबाई तिच्या पाठीकडं बघत राहिले.

गल्लीत सावकाश आल्यामुळं काटा पुन्हा चढला होता, म्हणून नागोजीराव बळ्ळारी रस्त्यावर गेले, तीन मैल जोरात पळवून गाडी थंड केली आणि परत आले. दोघंही अजून फाटकातच होते.

"थांबता का येत नाही?" आप्पाजींनी विचारलं.

"रूपश्रीचं लग्न ठरलं," सोयराबाई म्हणाल्या, कारण वेळ थोडा होता आणि मुख्य गोष्ट आधी सांगायला हवी होती.

तिसऱ्या फेरीला आप्पाजी गाडीबरोबर चालू लागले. नागोजीरावांनी वेग जितका कमी करता येईल तितका केला होता, तरी साठीच्या माणसाला ते चालणं धावण्यातच जमा होतं. "मुलगा काय करतो?" त्यांनी विचारलं, पण तोवर कोपरा आला.

"बँकेत आहे," सोयराबाईंनी चौथ्या फेरीला उत्तर दिलं आणि त्याच फेरीत पत्रिका आणि नारळ त्यांच्या हातात दिला. पत्रिका आप्पाजींनी धरली. नारळ गटारात गेला.

मधल्या वेळात गाडी मोठ्या रस्त्यावर वारं खात होती. पहिल्या फेरीला सोयराबाईंनी दरवाजा घट्ट धरला होता. दुसऱ्या फेरीला पकड सैल केली. तिसऱ्या फेरीला त्यांनी काच पूर्ण खाली केली. चौथ्या फेरीनंतर समोर एक सरकारी बस दिसली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्याच्या मागं राहू नका. धूर येतोय." नागोजीरावांनी बस मागं टाकली. एकशे दहाचा आकडा बघून त्यांनी स्वतः स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. सोयराबाई मागं वळून बसकडं बघत होत्या. बस लहान लहान होत गेली.

पाचव्या फेरीला कुंकू लावायचं होतं. मामीला कुंकू लावल्याशिवाय आमंत्रण कसलं? ठकुबाई पदर सावरून पायरी उतरल्या आणि गाडीबरोबर पळाल्या. सोयराबाईंनी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून बोट पुढं केलं. त्याच वेळी आप्पाजी काहीतरी विचारायला मध्ये आले. कुंकू त्यांच्या नाकावर लागलं. सहाव्या फेरीला ते ठकुबाईंच्या कपाळावर, साधारण मध्यभागी, लागलं. एव्हाना गल्लीतल्या लोकांनी बाहेर खुर्च्या आणल्या होत्या. ठकुबाईंनी जाता जाता द्राक्षांची पिशवी आत टाकली, ती नागोजीरावांच्या मांडीवर पडली.

"येतो, वहिनी," सोयराबाई म्हणाल्या. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्या हात हलवत होत्या.

दुपारी घरी आल्यावर नागोजीरावांनी गाडी चढावर नेली, तोंड उताराकडं करून उभी केली आणि इंजिन बंद केलं. खूप शांत वाटलं. ते दाराला धरून खाली उतरले. छप्पन्नावं वर्ष चालू होतं. गेली बावीस वर्षं ही गाडी किती पळते हे ते सगळ्यांना सांगत आले होते, पण ती तितकी पळवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. तीन वाजता ते न जेवता झोपले.

सोयराबाई थोडा वेळ गाडीतच बसून राहिल्या होत्या.

संध्याकाळी देवनहळ्ळीहून फोन आला. आप्पाजी रागावले होते. बहिणीनं उंबऱ्यावर पाय ठेवला नाही, अक्षता दिल्या नाहीत, नारळ गटारातून काढावा लागला. असल्या आमंत्रणावर मामा मांडवात येणार नाही.

म्हणून गुरुवारी दोघं बसनं पुन्हा गेली. बस जागोजागी थांबली, एका ठिकाणी कंडक्टर चहा पिऊन आला. नागोजीराव खिडकीपाशी निवांत डुलक्या घेत होते. सोयराबाईंनी पुढच्या सीटचा दांडा धरून सगळा रस्ता काढला, आणि पुढं बैलगाडी आली की त्या आपोआप उजवीकडं मान वाकवून पुढं बघत. आप्पाजींचे पाय धरले, अक्षता दिल्या, नवा नारळ दिला. आप्पाजींचा राग निवळला. जेवणं झाल्यावर ठकुबाई नणंदेला मागच्या पडवीत घेऊन गेल्या.

"वन्सं, एक विचारू? परवा ती किती पळत होती?"

"एकशे दहा."

"भीती नाही वाटली?"

"पहिल्या फेरीला वाटली."

ठकुबाईंनी भांडं पुसता पुसता थांबून त्यांच्याकडं पाहिलं. बैलांचा विषय निघाला नाही.

शुक्रवारी सकाळी नागोजीरावांनी कॉफीचा लोटा उचलला, त्याखालचं माहितीपत्रक पुसलं आणि चष्मा लावून वाचायला घेतलं.

"तुझं खरं आहे," ते म्हणाले. "नवी घेऊ. लहान, पांढरी. किल्ली फिरवली की चालू होणारी."

"का?" सोयराबाई म्हणाल्या. "हिला काय झालंय?"

"सेल्फ गेलाय."

"मग सेल्फ बदला. चांगली वस्तू कुणी टाकून देतं का?"

"कुठं कुठं बदलत बसायचं? आज सेल्फ, उद्या रेडिएटर."

"मेस्त्री म्हणालाय ना, वीस वर्षं बघायला नको म्हणून."

रूपश्री बँकेत जायला निघाली होती. ती पायात चप्पल घालता घालता थांबली. हीच वाक्यं तिनं गेल्या महिन्यात ऐकली होती, फक्त वेगळ्या तोंडून. "ढकलावी तर लागली नाही, बाबा," ती म्हणाली. "अटीप्रमाणं तुम्ही जिंकलात."

नागोजीरावांनी माहितीपत्रक मिटलं. जिंकणं त्यांना महागात पडत होतं.

शनिवारी दोघं रघुपती मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेली. मेस्त्री बेळगावकडचा, मोजकं बोलणारा. त्यानं बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि हात पुसत बाहेर आला.

"सेल्फ आजच बसवतो, अण्णा. रेडिएटर पुढच्या आठवड्यात. पण एक ठरवून सांगा. आतला कॅमशाफ्ट शर्यतीचा आहे. तो बदलून साधा टाकला तर सिग्नलला बंद पडणार नाही. बाजारात न्या, देवळात न्या, शांत चालेल. पण मग पळणार नाही, इतर गाड्यांसारखीच. दोन्ही मिळायचं नाही."

नागोजीरावांनी सुस्कारा सोडला. नवी गाडी नसेना, निदान शांत गाडी तरी. "साधा टाक," ते म्हणाले.

"टाकू नको," सोयराबाई म्हणाल्या.

मेस्त्रीनं एकदा नागोजीरावांकडं आणि एकदा सोयराबाईंकडं पाहिलं. "अक्का, मग सिग्नलला बंद पडत राहणार."

"सिग्नल नसतील त्या रस्त्यानं जाऊ," सोयराबाई म्हणाल्या. "लांबून जावं लागलं तर लागू दे. आम्हाला कुठं घाई आहे?"