एक लाख तीन हजार चारशे सतरावं चित्र

माणसाच्या प्रत्येक शोधामागे एक उदात्त हेतू असतो: उद्या काही बिघडलं तर कोणाला धरायचं, हे आजच ठरवून ठेवणे. सिनेमाच्या बाबतीत ही सोय फार उत्तम झालेली आहे. प्रेक्षकाला वाटतं, सिनेमा म्हणजे सलग काहीतरी. प्रत्यक्षात दोन तास सहा मिनिटांचा सिनेमा म्हणजे एक लाख एक्याऐंशी हजार चारशे चाळीस चित्रं, प्रत्येक चित्राची वेगळी फाईल आणि प्रत्येक फाईलला आपापला नंबर. सगळा सिनेमा एकाच फाईलीत भरला असता, तर तो बिघडल्यावर सगळेच जबाबदार ठरले असते, म्हणजे कोणीच ठरलं नसतं.

या फाईलींमध्ये दोन घराणी आहेत. पहिलं जेपेग. हे डोळ्याला कळणार नाही ते सगळं टाकून देतं आणि हलकं होऊन गावभर हिंडतं. तुमच्या मोबाईलमधले वाढदिवसाचे फोटो याच घराण्यातले. दुसरं डीपीएक्स. हे खानदानी. काही म्हणजे काही टाकत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या काळोखाची छटासुद्धा जपून ठेवतं, उगाच कोणी विचारली तर असावी म्हणून. (आजवर कोणी विचारलेली नाही.) एकेका चित्राचं वजन मोबाईलमधल्या पंधरा-सोळा फोटोंएवढं. सोलमध्ये सांगाम-दोंगला सिनेमांवर शेवटचा हात फिरवणारी जी कंपनी आहे, तिथे डीपीएक्सला मान होता आणि जेपेगला दाराबाहेरचा रस्ता.

तिथे तपासणी खोलीचे प्रमुख होते चू बोंग-ग्यू. वय त्रेपन्न, नोकरी सतरा वर्षं, चष्मा तिसरा. बाहेर पडणाऱ्या सिनेमाचं प्रत्येक चित्र जागेवर आहे ना, हे पाहणं त्यांचं काम. त्यांनी बायकोशी लग्न ठरवतानाही मुलीचे फोटो दोनदा मोजले होते, असं ऑफिसात म्हणत. त्यांनी सहा नियमांची एक पाटी लिहून कॉफीच्या मशीनशेजारी टांगली होती. आज ती आहे तशी इथे उतरवून देतो:

पहिला: प्रत्येक चित्र पाहावे. पाहिले असे समजू नये.

दुसरा: कच्ची चित्रे फिकट दिसतात. घाबरू नये. दिग्दर्शकाला दाखवू नयेत. (मागे एकाला दाखवली, तर तो त्या फिकटपणाच्या प्रेमात पडला आणि अख्खा सिनेमा आजाऱ्यासारखा लागला.)

तिसरा: मोजणी दोनदा करावी. दोन्ही वेगळ्या आल्यास तिसऱ्यांदा करून बहुमत घ्यावे.

पाचवा: फाईलीच्या नावात 'अंतिम' हा शब्द एकदाच वापरावा. (सध्या 'अंतिम', 'खरं अंतिम' आणि 'आईशप्पथ अंतिम' अशा तीन पिढ्या सुखाने नांदत आहेत.)

सहावा: तपासणी खोलीत रामेन खाऊ नये. वाफेने काच धुरकटते आणि प्रसंग धुक्यातला आहे असा गैरसमज होतो.

तर गेल्या महिन्यात कंपनीत नवा सर्व्हर आला. नवीन यंत्र आलं की त्याच्यापुढे डुकराचं मुंडकं मांडायचं, तांदळाची दारू ओतायची, सगळ्यांनी वाकून नमस्कार करायचा आणि मुंडक्याच्या तोंडात नोटा खोवायच्या, ही रीत कोणी मोडत नाही. इतकी महागडी यंत्रं हाताळणारी माणसं देवाला कशाला दुखावतील? पण मालक गिल सुंग-उक हे चाळिशीतले, परदेशात शिकलेले. मागच्या वेळच्या मुंडक्याचा वास वातानुकूलन यंत्रात आठ दिवस मुक्कामाला राहिला होता, म्हणून त्यांनी यंदा मुंडक्याचं चित्र चालेल असा आदेश काढला.

व्यवस्था बघणाऱ्या ओक बाईंनी इंटरनेटवरून एक हसरं डुक्कर उतरवलं. ते टॅबलेटवर दाखवायचं होतं, पण टॅबलेटची बॅटरी ऐन मुहूर्तावर गेली. मग बाईंनी ते थेट नव्या सर्व्हरवरच चढवलं, समोर जे फोल्डर उघडं दिसलं त्यात. मोठ्या पडद्यावर डुक्कर उगवलं, सगळे वाकले, नोटा पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावण्यात आल्या. डुक्कर जेपेग होतं हे चू साहेबांच्या ताबडतोब लक्षात आलं. कानांच्या कडा फुटल्या होत्या. पण देवाधर्मात खोट काढू नये म्हणून ते गप्प बसले आणि वाकले.

उघडं फोल्डर 'मिठागराची सून' या सिनेमाचं होतं. जुन्या सर्व्हरवरून चित्रं तिकडे येत होती. येता येता एक वाटेत पडलं. (असं होतं. यंत्रही आपल्यासारखंच.) चू साहेबांनी नियमाप्रमाणे दोनदा मोजणी केली. दोन्ही वेळा एक लाख एक्याऐंशी हजार चारशे चाळीस फाईली भरल्या. सिनेमा रवाना झाला.

दहा दिवसांनी फोल्डर आवरताना त्यांना ते डुक्कर भेटलं. ते हसत होतं. चू साहेबांनी सगळे नंबर पुन्हा ओळीने लावून पाहिले. एक लाख तीन हजार चारशे सतरा नंबरचं चित्र नव्हतं. त्याच्या जागी मोजणीत डुक्कर उभं राहिलं होतं. सिनेमाच्या एक तास अकरा मिनिटं एकोणपन्नासाव्या सेकंदाला आजी सूपच्या भांड्यावरचं झाकण उचलते, तिथलं ते चित्र. आता सहाशे चाळीस पडद्यांवर त्या जागी आधीचंच चित्र दोनदा दिसणार होतं, सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरतं.

चू साहेबांनी स्वतःच जाऊन मालकांना सांगितलं. चौकशी समिती बसली. तिने तीन बैठका घेऊन अठ्ठावीस पानी अहवाल दिला: दोष कोणा कर्मचाऱ्याचा नसून डुकराच्या दर्जाचा आहे, खानदानी यंत्रापुढे हलक्या घराण्यातलं डुक्कर मांडल्याने यंत्राचा अपमान झाला, यापुढे डुक्कर डीपीएक्समध्येच असावं. अहवाल एकमताने मंजूर झाला. चू साहेब मात्र मालकांच्या खोलीत उभेच होते.

"दिसेल का हो कोणाला?" गिल साहेबांनी विचारलं.

"दिसायला पाहिजे, साहेब."

"दिसलं तर बोभाटा होईल. मग तुम्हाला ठेवता येणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

"आणि नाही दिसलं तर?"

गिल साहेबांनी जरा वेळ पेन फिरवलं. "नाही दिसलं, तर मग सतरा वर्षं तुम्ही बघताय तरी काय, चू साहेब? आणि कोणासाठी?"

पहिल्या खेळाला चू साहेब बायकोला घेऊन गेले. मल-सुक बाईंना नवऱ्याबरोबर सिनेमा बघायची फार हौस, आणि योग सात वर्षांनी आलेला. चारशे बारा प्रेक्षक होते. एक तास अकरा मिनिटं झाली तसे चू साहेब खुर्चीत उलटे वळून लोकांकडे बघू लागले.

"अहो, पडदा इकडे आहे," मल-सुक बाई कुजबुजल्या. "लोकांची तोंडं काय बघताय?"

आजीने झाकण उचललं. चारशे बारांपैकी तीनशे नव्वद जण पडद्याकडे बघत होते, एकोणीस मोबाईलकडे, दोन एकमेकांकडे. एक म्हातारबाबा वाळवलेला माकूळ चावत होते, ते चावत राहिले. कोणाची पापणी लवली नाही. चू साहेबांना आपण वाचलो म्हणून हायसं वाटलं, आणि मग इतकं वाईट वाटलं की बायकोने विचारलं, "पाणी हवंय का?"

सोमवारी आदेश आला. चूक कोणालाच दिसली नसल्यामुळे चूक झालेली नाही, सबब चू साहेबांवर कारवाई नाही. तसेच चूक कोणालाच दिसत नसल्यामुळे तपासणी खोलीची गरज नाही, सबब महिनाअखेर ती बंद. (दोन्ही परिच्छेदांवर एकच सही होती.)

सतरा वर्षांत चू साहेबांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. लोकांना दिसतं, फक्त संधी द्या, असं त्यांचं म्हणणं. अट अशी ठरली की त्यांनी कॉफीच्या मशीनजवळच्या पाटीवरून एक नियम काढून टाकायचा. महिनाअखेरपर्यंत कोणाच्याही लक्षात आलं आणि त्याने तसं बोलून दाखवलं, तर खोली राहील, चू साहेबही राहतील. त्यांनी चौथा नियम काढला. तो असा होता: 'काही गाळले गेल्यास जो ते ओळखेल, असा एक तरी माणूस कायम असावा.'

बासष्ट कर्मचारी दिवसातून चार वेळा त्या पाटीसमोर उभे राहून कॉफी प्याले. ओक बाईंनी पाटीवरची धूळ पुसली. समितीच्या अध्यक्षांनी पाटीचं कौतुक केलं आणि अक्षर सुंदर आहे म्हणाले. गिल साहेब मनाने वाईट नाहीत. शेवटचा दिवस राहिला तेव्हा ते म्हणाले, बाहेरच्यांनाही एक संधी देऊन बघा, पाटी कुठेतरी छापून आणा, वाचणारी माणसं चौकस असतात.

त्याप्रमाणे पाटी वर छापली आहे. सहा नियम आहेत असंही आधी स्वच्छ सांगितलं होतं. तुम्ही तिच्यावरून गेलात, रामेनच्या नियमाला बहुधा हसलातही. ज्यांना खटकलं असेल, तेही छपाईची चूक असेल म्हणून पुढेच वाचत राहिले.

चू साहेब संध्याकाळी सहापर्यंत फोनजवळ बसून होते. मग त्यांनी चष्मा पुसून डबीत ठेवला आणि जाताना खोलीतला दिवा मालवला.