तुरटी बाकी

रविवार सकाळ, चारकोप, आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, माझी अकरावीतली तन्वी, वरच्या मजल्यावरचे सावंतकाका आणि ओट्यावर माझ्या सगळ्या बरण्या.

सावंतकाका चहात साखर घालत नाहीत, 'तीनशे बेचाळीस' घालतात. मीठ साडेअठ्ठावन्न, खायचा सोडा चौऱ्याऐंशी. साकीनाक्याच्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत जन्म गेला. निवृत्त होताना पदार्थांची नावं बहुधा तिथेच ठेवून आले, घरी आणली ती नुसती त्यांची वस्तुमानं. एकदा त्यांनी वाण्याकडे साडेअठ्ठावन्नची पिशवी मागितली. वाणी माझ्याकडे बघून म्हणाला, "भाभी, काका को क्या चाहिए?"

तन्वी सहामाहीत रसायनशास्त्रात नापास झाली, तेव्हा मी क्लासेसची यादी करत बसले होते. काकांनी ती यादी बाजूला सारली आणि बरण्या खाली काढल्या. दर रविवारी एक बरणी. सूत्र लिहायचं, त्यातल्या अणूंची वस्तुमानं मिळवायची, उत्तर बरणीवर चिकटवायचं. तन्वी मिठाचं 'रेणुवस्तुमान' म्हणाली की काका उसळायचे. "मिठात सुटा रेणू नसतो गो! सूत्रवस्तुमान म्हण." धुण्याच्या सोड्यात ती स्फटिकातलं पाणी धरायला विसरली, तर केवढे चिडले! "टिंबाफुडचा पाणी कोण मोजतलो? तुझो बापूस?" बापूस तिथेच पेपर वाचत होता. तो निमूट बाहेर गेला.

काल वार्षिकचा निकाल लागला. तन्वी चांगली पास झाली. आभार मानायचे तरी कसे? फीचं नाव काढलं की काका जिना चढायला लागतात. म्हणून पेढे आणले आणि उरलेलं काम काढलं: तुरटी. कंस, टिंब, पाणी, सगळं असलेली. काका कित्येक रविवार ती पुढे ढकलत होते.

"आज तुरटी उरकून टाकू काका. मग तुम्ही सुटलात."

पेढा त्यांच्या हातातच राहिला. "आज नको. जरा घाईत आहे."

काकू गेल्यापासून काकांना कसलीही घाई नसते. चहा अर्धा टाकून ते निघाले.

तन्वी कुजबुजली, "आई, चारशे चौऱ्याहत्तर. मला कधीच आलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"वेडी आहेस का गं? संपलं असतं ना सगळं!"

जिन्यावरून आवाज आला, "तुरटी पुढच्या रविवारी हां!"

"हो काका! कठीण आहे ती!" तन्वी ओरडली.

अर्धवट काम मला बघवत नाही. तरी तुरटीची बरणी तशीच, कोरी, मांडणीवर ठेवून दिली.