देवडीवरील शिपायाने पत्र परतविले त्याची हकिकत

श्रीविघ्नहर्ता वेशीवर बैसो आणि आत येणारास नीट पाहो. शके १९१८, धातानाम संवत्सरी एक राज्य होते, आणि त्या राज्यात मेनफ्रेम नामे महायंत्र होते, आणि अवघ्या राज्याची ईमेल त्याच्या वेशीतून ये-जा करी. मग स्पॅमची टोळधाड आली. कोणी टकलावरील तेल विकी, कोणी परमुलखीचा राजपुत्र पेटारा वाटून घ्या म्हणे. यंत्रकर्त्यांनी वेशीत एक्झिट नामे देवडी मोकळी ठेविली होती, तेथे धन्याने आपला प्रोग्राम शिपाई म्हणून उभा करावा. सगुणाबाई यंत्राच्या कारभारीण, त्यांनी शिपाई घडविला आणि हुकूम दिधला की, पत्र वाईट दिसल्यास पाटीवर आठ लिही, ते परत जाईल. ओळखीचा मायना दिसल्यास शून्य लिही, ते आत येईल. दोन्ही न दिसल्यास काय, हे बाई सांगावयाचे विसरल्या.

तों नदीपलीकडील सरकाराशी बंधाऱ्याचा तंटा पेटला. पलीकडून पत्र आले, "पाणी निमेनिम. मंजूर?" मायना नाही, वाईटही काही नाही. शिपायाने पाटीस हात लाविला नाही, आणि पाटीवर आधीच्या तेलवाल्याचे आठ तैसेच होते. तह कचरा म्हणोन परत गेला. पलीकडील सरकार कोपले आणि फौज काठावर आली.

दिवाण त्रिंबकपंत ओरडले, "बाई, तुमचा शिपाई फितूर आहे!"

"फितुरीस अक्कल लागते, पंत," बाई म्हणाल्या, आणि शिपायापुढे तेलाचे पत्र टाकोन मागोमाग "क्षेम?" इतकेच धाडिले. दोन्ही परत. मग चांगले पत्र आधी आणि "क्षेम?" मागून. दोन्ही आत. बाईंचे तोंड उतरले. मग महाराजांपुढे जावोन बोलिल्या, "शिपाई निर्दोष. पाटी पुसावयास मी शिकविले नाही. एकाचा निवाडा दुसऱ्यास लागला."

महाराज म्हणाले, "आमच्या न्यायसभेत हेच चालते. तेथे फौज येत नाही इतकेच."

मग बाईंनी शिपायास पाटी पुसणे शिकविले, आणि कळले नाही तर माणसास विचार, हेही शिकविले. आणि पलीकडे लिहिले, "चूक आमची. पत्र पुन्हा धाडावे." इतक्यात पंतांनी पलीकडे धाडावयाचे आपले पत्र वेशीत आणिले. ते पोहोचते तर दोन प्रहरांत नदी रक्ताने लाल जाहली असती. शिपायाने पाटी पुसली, पत्र वाचिले आणि आठ लिहिले.

"पुन्हा तेच!" पंत गरजले. "दूर करा त्या गाढवास!"

"पंत, वाचा पाहू काय लिहिले ते," महाराज म्हणाले.

पंतांनी छाती काढोन वाचिले, "अतितातडीचे! आजच शरण या! ही सुवर्णसंधी पुन्हा नाही! विलंब कराल तर जन्मभर पस्तावाल!"

मग महाराजांनी विचारिले, "यात तेल कोणते?" आणि अवघी सभा हसोन लोळली. इतक्यात पलीकडील पत्र पुन्हा आले, आणि शिपायाने माणसास विचारिले, आणि महाराजांनी स्वमुखे "मंजूर" म्हटले.

तात्पर्य, पाणी निमेनिम जाहले, फौजा पेरणीस गेल्या. पंतांनी रुसोन ईमेल टाकिली आणि सांडणीस्वार धरिला. सांडणी पोहोचेतों पंतांचा राग उतरे, आणि मागून दुसरी सांडणी माफी घेवोन सुटे. ऐसे ते राज्य सुखी जाहले. इति.