बेंबळीचा युरोप आणि बाथटबातले गहू

छातीठोकपणे सांगतो, आमच्या बेंबळीत बंगले पुष्कळ आहेत, पण युरोपियन घर एकच, आणि ते माझं! मी शंभुलिंग. बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान चालवतो. युरोप मी पाहिलेला नाही. सोलापूरच्या पलीकडं आयुष्यात दोनदाच गेलो, त्यातही एकदा एस्टीत झोप लागली म्हणून. पण घर मात्र अस्सल युरोपियन!

गावात सगळे म्हणतात, शंभुलिंगानं हौसेपायी घर बांधलं. चूक! मी ते सुनेसाठी बांधलं, आणि तेही सुनेचा पत्ता नसताना. माझा मुलगा सोमेश एकतीस वर्षांचा. शिकलेला, निर्व्यसनी, दुकान एकहाती सांभाळणारा. तरी चौदा स्थळं हातची गेली. प्रत्येक वेळी पोरगं दाढी करून, निळा शर्ट घालून बसायचं आणि आठ दिवसांनी निरोप यायचा, 'घर जरा लहान वाटलं.' चौदाव्या वेळेला ते दाढी न करताच बसलं. मला फार वाईट वाटलं हो! त्याच दिवशी ठरवलं, असं घर बांधायचं की नुसतं घराकडं बघून मुलीनं 'व्हय' म्हटलं पाहिजे.

लातूरहून समर्थ नावाचा एक तरुण डिझायनर गाठला. त्यानं टॅबवर चित्रं दाखवली. "काका, मॉडर्न युरोपियन फॅमिली होम!" काचेच्या भिंती, हॉलमध्ये फायरप्लेस, उघडं किचन, वर बाथटब, त्याच्याही वर घडीच्या शिडीचा माळा आणि डोक्यावर घसरगुंडीसारखं छप्पर.

"छप्पर येवढं तिरकं कशापायी?" मी विचारलं.

"बर्फ घसरून पडायला, काका."

मी जाणत्यासारखी मान डोलावली. माझी बायको श्रीदेवी मात्र फणकारली. "बेंबळीत बर्फ फकस्त रसवंतीवर असतंय!"

बायकांना डिझाइनमधलं काही कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणायची माझी छाती नाही.

घर झालं आणि पंधरावं स्थळ आलं, मुरूमचं. मुलगी शिवलीला, सोलापुरात नोकरीला. सोमेश आणि ती एकमेकांना पसंत पडले. आता राहिली घर-बघणी, म्हणजे मुलीकडच्या मोठ्या माणसांनी येऊन मुलाचं घर खोलीन् खोली तपासायचं. ते पार पडलं की सुपारी फुटली म्हणायची. रविवारी सकाळी मुलीचे वडील शरणबसप्पा आणि तिची आत्या रुद्रम्मा येणार होते.

शनिवारी मी श्रीदेवीला हुकूम सोडला. "घरात एक पोतं दिसायला नको! ज्वारी, कांदे, मिरच्या, वाळवणं, समदं गायब कर."

"आन ठिवू कुठं? तुमच्या डोस्क्यावर?"

"कुठंबी ठिव, मला सांगूबी नको! माझ्या तोंडातनं निसटंल. आन काय खाता म्हणून कुणी विचारलं तर ब्रेड म्हणायचं!"

"ब्रेड?"

"ब्रेड! म्या सवता ज्वारीबद्दल विचारलं तरी ब्रेड!"

मागच्या पत्र्याच्या शेडवर मी हिरवी शेडनेट टाकून ते झाकून घेतलं, आणि निवांत झोपलो.

रविवारी दहाला पाहुण्यांची जीप आली. एप्रिलचं ऊन असं की अंगणातलं कुत्रंसुद्धा भुंकायचं सोडून नुसतं बघत होतं. शरणबसप्पा उतरले, हातात मोबाईल. मोबाईलमध्ये व्हिडिओ कॉलवर खुद्द शिवलीला! तिला रजा मिळाली नव्हती. त्यांच्या मागून रुद्रम्मा उतरल्या. पासष्टीच्या, कपाळाला विभूती, हातात मिटलेली छत्री, आणि नजर आडतीवरच्या जुन्या व्यापाऱ्यासारखी. पोत्यावरून हात न फिरवता माल ओळखणारी!

"शरणार्थ, शरणार्थ! या, आत या!" असं म्हणत मी ऐटीत पुढं झालो आणि धाडकन काचेच्या दारावर आपटलो.

नाक चेपलं. समर्थनं काच एवढी स्वच्छ निवडली होती की ती आहे की नाही हे तिच्यावर आपटल्याशिवाय कळत नाही.

"लागलं का?" शरणबसप्पांनी विचारलं.

"न्हाय न्हाय, रोजचंच हाय!" मी म्हणालो. पण रुद्रम्मांनी भुवई वर चढवली. स्वतःच्या दारावर आपटणारा घरमालक त्या पहिल्यांदाच बघत असाव्यात.

हॉलमध्ये त्या फायरप्लेससमोर थांबल्या. "ही चूल बैठकीत?"

"शेकायला हाय, आक्का. थंडीत."

त्यांनी वाकून आत बोट फिरवलं. बोट पांढरं शुभ्र वर आलं. "राख न्हाय. कवा पेटलीच न्हाय ही."

"आत्या, सोफा दाखव ना!" मोबाईलमधून शिवलीला म्हणाली. पांढऱ्या सोफ्यावर अजून प्लास्टिक होतं. शरणबसप्पा बसले आणि चर्रर्र आवाज झाला. ते दचकून उठले ते पुन्हा बसले नाहीत.

मग किचन. माझ्या अभिमानाची जागा! मधोमध काळ्या दगडाचा ओटा, त्यावर परडीत सफरचंदं. रुद्रम्मांनी एक उचललं, दाबलं. प्लास्टिक! मग त्या कपाटं उघडायला गेल्या. ती बिनमुठीची, कुठं दाबलं की उघडतात ते समर्थनं सांगितलं होतं, मी विसरलो होतो. मी इथं दाबतोय, तिथं दाबतोय, गुडघ्यानं ढकलतोय. शेवटी एक उघडलं. आत एक काटा-चमचा आणि कपाटाचं माहितीपत्रक.

"ओट्यावर तेलाचा ठिपका न्हाय," रुद्रम्मा म्हणाल्या. "मिरचीचा ठसका न्हाय. हितं भाकरी थापत्यात का न्हाय?"

"छे छे!" मी छाती फुगवून म्हणालो. "हितं स्वयंपाक व्हतच न्हाय!"

मला वाटलं, केवढी छाप पडली! रुद्रम्मा भावाच्या कानाशी लागल्या आणि कानडीत कुजबुजल्या. आता, दुकानात अक्कलकोटकडची गिऱ्हाइकं येतात, त्यामुळं मला अर्धं कानडी कळतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं! त्या म्हणत होत्या, "गेल्या साली आपल्या बसम्माच्या पोरीला असाच दोस्ताचा बंगला दाखवला. लगीन झाल्यावर कळलं, पोरगं ऱ्हातंय पत्र्याच्या खोलीत. हे घर बी असंच दाखवायला आणल्यालं दिसतंय."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. इटालियन होती, तरी सरकली!

शरणबसप्पा भले माणूस. घसा खाकरून म्हणाले, "राग मानू नका पाहुणं, पण ह्या घराचं मालक कोण?"

"म्या!" मी ओरडलो. "सोमेश, लाइटबिल आण!"

सोमेशनं बिल आणलं. शरणबसप्पांनी चष्मा लावून वाचलं. "हितं तर नाव समर्थ म्हणून हाय."

बांधकामाच्या वेळी मीटर समर्थनं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, ते बदलायचं राहिलं होतं! मी हे समजावून सांगायला लागलो तसतसं ते मलाच खोटं वाटायला लागलं.

"पोरा, तू सांग," रुद्रम्मा सोमेशकडं वळल्या. "तू हितंच ऱ्हातूस का?"

सोमेशला मी कमी बोल म्हणून बजावलं होतं, खोटं बोल म्हणून सांगायचं राहून गेलं. "न्हाय आत्या," तो म्हणाला. "हितं लई उकडतंय. खिडक्या उघडत न्हाईत. आमी समदी मागच्या पत्र्याच्या शेडात झोपतो. आई सैपाक बी तिथंच करती."

"एनप्पा इदु!" म्हणजे हे काय रे बाबा, म्हणत रुद्रम्मांनी छत्रीची मूठ कपाळाला लावली. पत्र्याचं शेड! बसम्माच्या पोरीची गोष्ट अक्षरशः समोर उभी!

आता एकच उपाय होता. ज्या घरात पोती आहेत ते घर माणसांचं! मी किचनच्या दारातून हाक मारली, "श्रीदेवी! आपली ज्वारी कुठाय? दाखव आक्कास्नी!"

श्रीदेवी चहाचा ट्रे घेऊन आली. पदर सावरत गोड हसली. "ज्वारी? आमच्यात ज्वारी न्हाय खात. आमी ब्रेड खातो."

"अगं, आता सांग! खरं सांग!"

"खरंच. ब्रेडच!" आणि तिनं मला हळूच डोळा मारला. म्हणजे, बघा, तुमच्या परीक्षेत मी पास! तेहतीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं माझं एकही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही शब्दशः!

रुद्रम्मांनी छत्री काखेत मारली. "चला शरणबसप्पा. ऊन वाढतंय."

मी सोमेशकडं पाहिलं. त्यानं दाढी केली होती. शर्टसुद्धा नवा होता, आकाशी. तो पाहुण्यांच्या चपला सरळ करून ठेवायला दाराकडं निघाला. पंधरावं स्थळ मी माझ्या हातानं, माझ्या अकलेनं घालवत होतो.

"थांबा!" मी म्हणालो आणि जिन्यावरून वर धावलो. बायकोनं पोती लपवली तर कुठं लपवली असतील? कपाटं उघडत नाहीत. पलंगाखाली जागा नाही. उरला माळा! छताला लोंबणारा पट्टा मी दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जोर लावून खाली ओढला.

घडीची शिडी उघडली. तिच्यावर आडवी टाकलेली पोती उघडली. आणि चार पोती ज्वारी, दीड पोतं कांदे आणि वाळल्या मिरच्यांचं बोचकं माझ्या डोक्यावर आलं!

युरोपियन जिन्याला कठडा नसतो आणि पायऱ्यांच्या मधे फटी असतात. ज्वारी पायरीपायरीवरून उड्या मारत, फटीफटीतून गळत हॉलमध्ये निघाली. कांदे टपाटप खाली. एक कांदा थेट फायरप्लेसमध्ये जाऊन बसला. मिरच्यांचा खकाणा असा उडाला की शरणबसप्पा, श्रीदेवी, सोमेश आणि मी, सगळे एका सुरात शिंकायला लागलो. मोबाईलमधून शिवलीला ओरडत होती, "पप्पा! काय झालं? भूकंप हाय का?"

रुद्रम्मा मात्र शिंकल्या नाहीत. जिन्याखाली ओणवून त्यांनी मूठभर ज्वारी उचलली, फुंकर मारली, दोन दाणे दाताखाली धरले.

"मालदांडी," त्या म्हणाल्या. "घरची?"

"घ... आक् छी! घरची!"

"किती पोती?"

"चार हितं. बाकीची कुठं ते हिलाच ठावं!"

"पंधरा!" श्रीदेवीचा बांध फुटला. "आन आता म्या सांगणारच! ह्येंनी म्हटलं, एक पोतं दिसायला नको. माझ्या संसाराला ह्येंनी चोरीचा माल करून ठिवला!" आणि तिनं रुद्रम्मांचा हात धरून त्यांना ज्वारीतूनच वर नेलं.

वर बाथरूममध्ये बाथटब गव्हानं भरलेला. कुरडयांसाठी भिजत घातलेले तीस किलो गहू! समर्थ ज्याला 'रिलॅक्सेशन झोन' म्हणायचा तिथं गहू खरोखरच आरामात पहुडले होते.

रुद्रम्मांनी बाही सारली, हात कोपरापर्यंत घातला, एक दाणा चिमटीत दाबला. पांढरं दूध आलं.

"आज तिसरा दिवस?"

"तिसरा."

"म्हंजी उद्या चीक." मग त्यांना टबाच्या तळाचं बूच दिसलं. त्यांनी ते थोडं उपसून पाहिलं. आंबट पाणी गुळगुळ करत निघून गेलं, गहू जाग्यावर! त्यांचे डोळे चमकले. "रोज पाणी बदलायला हे बरं हाय गं! पातेलं उचलायला नको, कलंडायला नको. हे कुठं मिळतंय?"

दहा मिनिटं दोघी टबाच्या काठावर बसून कुरडयांवर बोलल्या. मग रुद्रम्मा खाली आल्या आणि भावाला म्हणाल्या, "घर ह्येंचंच हाय. बाई संसाराची हाय. मालक जरा..." इथं त्यांनी माझ्या केसांतली ज्वारी पाहिली. "मालक असू द्या. सुपारी आणा."

सोमेश दारातच खाली बसला. हसत होता की शिंकत होता, कळलं नाही. मी डोळे पुसले. मिरची होती, पण सगळी मिरचीच नव्हती.

"आत्या, एक खोली राहिली की!" मोबाईलमधून शिवलीला म्हणाली. "आमची."

खरंच! ती तर मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. सून-मुलाची खोली, समर्थच्या सगळ्या कलेचा कळस. मी सगळ्यांना घेऊन वरच्या टोकाच्या खोलीत गेलो आणि झोकात दार उघडलं.

मोठा पलंग. मोठी खिडकी. आणि पलंगाच्या अगदी समोर, खोलीच्या मधोमध, चारी बाजूंनी स्वच्छ पारदर्शक काचेचं बाथरूम. आत कमोड, शॉवर, सगळं कसं दुकानातल्या शोकेससारखं मांडलेलं!

शरणबसप्पांना खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडात अचानक फार रस वाटायला लागला. रुद्रम्मांनी भावाच्या हातातला मोबाईल घेऊन छताकडं वळवला. श्रीदेवी माझ्याकडं बघत होती, आणि ती नजर मी इथं लिहू शकत नाही.

"युरोपात असंच असतंय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

छताकडं तोंड केलेल्या मोबाईलमधून शिवलीलाचा आवाज आला, "मामा, मला घर पसंत हाय. मुलगा तर आधीच पसंत हाय. फकस्त एक अट हाय."

"बोल पोरी! काय पाहिजे ते बोल!"

"भिंत."

सुपारी तिथंच फुटली. त्याच दिवशी मी समर्थला फोन लावला. तो कळवळून म्हणाला, "काका, भिंत घातली तर डिझाइनचा आत्मा जाईल!" मी म्हणालो, "जाऊ दे बाबा, पण सून येऊ दे!"

भिंत झाली. विटांची, सिमेंटची, आमच्याच गावच्या गवंड्यानं बांधलेली, एका बाजूला जरा पोट सुटलेली. तिला लाकडी दार आहे आणि दाराला आतून चांगली जाडजूड कडी. अजूनही लोक लांबलांबून माझं युरोपियन घर बघायला येतात. मी त्यांना फायरप्लेस दाखवायला निघतो, तोवर श्रीदेवी त्यांना वर घेऊन गेलेली असते आणि ती कडी लावून-काढून दाखवत असते.